बाही सोडायची नाही

नमस्कार ताई,

आम्ही ऐरोलीत राहतो. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत आहे. अंगानं पहिल्यापासून भरलेला. पाचवी-सहावीत वर्गातली मुलं त्याला ‘जाड्या’ म्हणून फार छळायची, डबा पळवायची, एकदा जिन्यावरून ढकललंही. तेव्हा आम्ही त्याला सोसायटीच्या क्लबहाउसमधल्या कराटे क्लासला घातलं. दोन वर्षांत पोर पार बदललं. ताठ चालायला लागला, हिरवा पट्टा मिळाला. आम्ही खूश होतो.

तीन आठवड्यांपूर्वी खाली क्रिकेट खेळताना आउट की नॉटआउट यावरून वाद झाला. बी विंगमधला अकरा वर्षांचा मुलगा त्याला ‘ए जाड्या’ म्हणाला आणि यानं फिरवून लाथ मारली. तो मुलगा पडला, त्याचा समोरचा दात अर्धा तुटला, ओठाला तीन टाके पडले. मी ओरडले तर मला म्हणतो, ‘मग तूच पाठवलंस ना शिकायला?’ मला पुढे बोलताच आलं नाही.

मिस्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, इतकी वर्षं मार खाल्ला, आता कोणी वाटेला जाणार नाही, हे स्वसंरक्षणच आहे. सासूबाई म्हणतात, क्लास आजच्या आज बंद करा. सोसायटीची कमिटी म्हणते, क्लासच इथून हलवा. क्लासचे सर म्हणतात, पोरात दम आहे, स्पर्धेत उतरवू, रग जिरेल, आणि मार्चमध्ये निळ्या पट्ट्याची परीक्षाही देऊ दे. मी कोणाचं ऐकू?

– एक आई, ऐरोली

*

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडकले. ‘मग तूच पाठवलंस ना शिकायला?’ तुम्हाला ते उलट उत्तर वाटलं असेल. मला त्यात उद्धटपणा कमी आणि गोंधळ जास्त दिसला. त्याच्या बाजूनं बघा. मुलं मारतात म्हणून त्याला क्लासला घातलं. तिथे लाथ कशी मारायची ते शिकवलं. चांगली मारली की सर खूश, पट्ट्याचा रंग बदलला की घरी पेढे. मग एक दिवस ती लाथ त्यानं खरोखर मारली, तर आई ओरडते आणि बाबा पाठ थोपटतात. शिकलेली लाथ ठेवायची कुठे, हे या दोन वर्षांत त्याला कोणी सांगितलं होतं का?

आधी सरळ उत्तर देते, कारण तुम्ही ते मागितलंय. शिक्षा म्हणून क्लास बंद करू नका. स्पर्धा सध्या नको, मार्चची परीक्षाही नको. हाच क्लास चालू ठेवायचा की दुसरा बघायचा, हे तिथे स्वतः जाऊन बसल्याशिवाय ठरवू नका. पण या सगळ्याच्या आधी एक काम आहे. तीन आठवडे झाले, तरी ते झाल्याचं तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही. तुम्ही बी विंगमध्ये गेलात का?

नसाल गेलात, तर या रविवारी जा. तिघांनीही जायचं, मिस्टरांसकट. आदल्या दिवशी फोन करून ‘येऊ का’ विचारा, कारण त्यांना कदाचित तुमचं तोंडही बघायचं नसेल आणि तसं वाटायचा त्यांना हक्क आहे. दारात उभं राहिल्यावर तुम्ही बोलू नका, मुलाला बोलू द्या. ‘मी तुला लाथ मारली. मी चुकलो.’ एवढंच. ‘पण तू मला चिडवलंस’ हे शेपूट जोडायचं नाही. घरातून निघण्याआधी हे वाक्य त्याच्याकडून चार वेळा म्हणवून घ्या. क्लासमध्ये एक ठोसा शंभरदा मारून घेतात, तसंच हेही घोटावं लागतं. तोंडातून पहिल्यांदा निघताना ते फार जड जातं, मोठ्या माणसांनाही.

आणि दाताचा खर्च तुम्ही करणार, हे त्यांनी विचारायच्या आधी सांगा. अकरा वर्षांच्या मुलाचा समोरचा दात कायमचा असतो, पडून नवा येणारा नव्हे. मार बसलेला दात आज बरा दिसला तरी आतली नस पुढे काही महिन्यांनीही मरू शकते, दात काळपट पडतो. म्हणून दंतवैद्य अशा मुलांना वर्षभर अधूनमधून बोलावत राहतात. एक बिल चुकतं केलं आणि विषय संपला, असं इथे होत नाही. तुमच्या मुलाला हे कळलं पाहिजे. एक लाथ अर्ध्या सेकंदाची असते, तिचा दात मात्र वर्षभर डॉक्टरकडे खेटे घालतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. ठाण्यात, नौपाड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी बावीस वर्षं मुलांना ज्युदो शिकवलं. हॉलच्या दुसऱ्या अर्ध्या भागात माझे सहकारी कराटे घ्यायचे. आमच्याकडे नव्या मुलाला पहिले दोन-तीन महिने फक्त पडायला शिकवायचे. हनुवटी छातीला टेकवायची, डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही, आणि पडता पडता अख्खा हात गादीवर आपटायचा. मुलं कंटाळायची, पालक विचारायचे, ‘मॅडम, हा पाडायला कधी शिकणार?’ पाडायला शिकवताना मात्र एक गोष्ट मी रोज सांगायचे. ज्याला पाडतोयस त्याची बाही सोडायची नाही. तो हवेत असताना बाही धरून हात वर ओढून ठेवायचा. मग तो पाठीवर नीट पडतो, डोकं आपटत नाही, हात अंगाखाली सापडत नाही. जिंकण्यासाठी त्या बाहीची गरज नसते, पाडून झालेलं असतं. बाही धरायची ती त्याच्यासाठी.

एका वर्षी शालेय जिल्हा स्पर्धा दहा दिवसांवर आल्या होत्या. माझा एक पंधरा वर्षांचा मुलगा फार तयारीचा होता आणि मला त्याच्याकडून पदक हवं होतं. खरंच हवं होतं, शाळेपेक्षा जास्त मला. त्या संध्याकाळी त्याच्या वजनाचा जोडीदार आला नव्हता, म्हणून मी त्याला सातवीतल्या मुलाबरोबर उभं केलं. आणि काठावरून ओरडत राहिले, ‘जोर लाव, जोर!’ त्यानं लावला. खांद्यावरून उचलून टाकलं आणि बाही सोडून दिली. तो लहान मुलगा पडला, उठून बसला, आणि डाव्या हातानं उजवा कोपर अलगद उचलून धरून तसाच बसून राहिला. रडलाही नाही. गळपट्टीचं हाड मोडलं की पोरं अशीच बसतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी म्हटलं, ‘उठ, काही नाही झालं.’

रात्री मी त्याच्या घरी कोपरीला गेले. त्याची आई दार उघडून तशीच उभी राहिली. म्हणाली, ‘त्या मुलाला काही बोलू नका मॅडम. त्यानं नाही पाडलं. तुम्ही जोर म्हणालात.’ मुलानं सगळं सांगितलं होतं तिला. मी त्या जिन्यावरून कशी उतरले ते मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मोठ्या मुलाला हे जसंच्या तसं सांगितलं. आधी माझी चूक, मग त्याची. लहान मुलाचा उजवा हात सहा आठवडे गळ्यात होता. त्या सहा शनिवारी मोठा मुलगा कोपरीला जाऊन त्याच्या वह्या पूर्ण करून द्यायचा. दोघे जिवलग झाले वगैरे काही नाही, दोघांच्या वयात फार अंतर होतं. पण नंतर सरावात हा मोठा मुलगा समोरच्याची बाही इतकी घट्ट धरायचा की पडलेला मुलगा म्हणायचा, ‘दादा, सोड आता.’ त्या वर्षी पदक आलं नाही.

आता तुमच्या मुलाचा क्लास. कराटेत बाही धरायची नसते, पण तिथेही तोच धडा आहे. ठोसा किंवा लाथ पूर्ण वेगानं न्यायची आणि समोरच्याच्या अंगाच्या बोटभर अलीकडे थांबवायची. माझे सहकारी मुलांना सांगायचे, ‘त्याच्या गीचं (म्हणजे कराटेच्या पोशाखाचं) कापड हललं पाहिजे, छाती हलली नाही पाहिजे.’ वरकरणी सोपं वाटतं. प्रत्यक्षात मारण्यापेक्षा थांबवणं कितीतरी अवघड असतं, कारण त्यासाठी पाय, कंबर, श्वास, नजर, सगळं ताब्यात लागतं. पिशवीवर लाथा मारून हे येत नाही. पिशवीला दात नसतात. त्यासाठी समोर माणूस लागतो, आणि त्या माणसाला लागू न देण्याची सवय लागते. तुमच्या मुलाकडे हिरव्या पट्ट्याची लाथ आहे. थांबायचं मात्र त्याला पांढऱ्या पट्ट्याइतकंही येत नसावं, असं मला पत्रावरून वाटतं.

म्हणून तुम्ही क्लबहाउसमध्ये जाऊन बसा. एक दिवस नाही, लागोपाठ तीन वेळा, आणि पूर्ण वेळ. पहिल्या दिवशी सगळे तुमच्यासाठी नीट वागतील, तिसऱ्या दिवशी विसरतील. मोबाइल पर्समध्ये ठेवा. लाथा किती उंच जातात ते बघू नका. तुम्ही बघा ते कोपऱ्यातलं. वर्गातला सगळ्यात कच्चा मुलगा कोणाबरोबर जोडीला उभा राहतो? त्याला चुकून लागलं तर मारणारा काय करतो, थांबून हात देतो की हसतो? आणि सर काय करतात? मोठ्या पट्ट्याच्या मुलांना सर कधी टोकतात का, की ते वर्गाचे लाडके आहेत? एका तासात प्रत्यक्ष लढत किती वेळ, काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) आणि मूळ सराव किती वेळ? सर ‘यामे’, म्हणजे ‘थांबा’, म्हणाले की पोरं खरंच जागच्या जागी थांबतात का, की आणखी एक ठोसा हाणून घेतात? मला विचाराल तर शेवटची गोष्ट सगळ्यात आधी बघा. जिथे ‘थांब’ म्हटल्यावर थांबत नाहीत, तिथून मूल काढून घ्या. त्या क्लासच्या भिंतीवर कितीही चषक लावलेले असले, तरी.

मग सरांशी बोला, एकटीनं आणि शांतपणे. एकच प्रश्न विचारा. ‘माझ्या मुलानं बाहेर मारामारी केली, हे कळल्यावर तुम्ही वर्गात काय केलंत?’ ते सगळ्यांना बसवून त्यावर बोलले असतील, तुमच्या मुलाला महिनाभर लढतीबाहेर ठेवून लहान मुलांना पट्टा बांधायला शिकवण्याचं काम दिलं असेल, तर तो शिक्षक सोडू नका. पण तुमच्या पत्रात त्यांचं उत्तर ‘दम आहे, स्पर्धेत उतरवू’ इतकंच आलंय. एका लहान मुलाचा दात तुटल्यावर शिक्षकाला पहिल्यांदा पदक आठवत असेल, तर मला काळजी वाटते. मी हे त्या कोपरीच्या जिन्यावरून उतरलेली बाई म्हणून लिहितेय.

‘रग जिरेल’ हा समज फार जुना आहे, आणि मला तो चुकीचा वाटतो. रग काढून काढून रग कमी होत नाही, तिची सवय लागते. मायकल ट्रल्सन नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाया चाललेली म्हणून नोंद झालेली ३४ किशोरवयीन मुलं घेतली आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला तायक्वांदो पारंपरिक पद्धतीनं शिकवलं, म्हणजे नमस्कार, ध्यान, त्यामागचा विचार यांच्यासकट. दुसऱ्याला नुसतं लढणं शिकवलं, विचारबिचार काही नाही. तिसरा गट साधे व्यायाम-खेळ करत होता. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या मुलांची आक्रमकता उतरली होती, स्वतःबद्दलचं मत सुधारलं होतं. दुसऱ्या गटातली मुलं आधीपेक्षाही जास्त आक्रमक झाली होती. मुलं थोडी होती, तेव्हा यावरून जगाचा नियम काढू नये. पण २००५ मध्ये नॉर्वेत डॅन ओल्वेउस, शाळेतल्या दादागिरीवर आयुष्यभर काम केलेला माणूस, त्यानं आणि त्याच्या सहकारी संशोधिकेनं शेकडो मुलग्यांचा मागोवा घेतला. बॉक्सिंग, कुस्ती, वजन उचलणं, कराटेसारखे प्रकार यांत गेलेल्या मुलग्यांचं मैदानाबाहेरचं वागणंही बिघडलेलं त्यांना दिसलं. दोष त्यांनी बऱ्याच अंशी त्या जागांमधल्या मर्दानगीच्या हवेला दिला. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचले की ‘कराटेनं मूल सुधारतं’ म्हणणारे आणि तुमच्या सासूबाई, दोघंही अर्धे बरोबर ठरतात. कराटे मूल घडवत नाही आणि बिघडवतही नाही. त्या हॉलमध्ये कोण उभा आहे, तो कशावर खूश होतो, यावर सगळं असतं.

आणि कराटेच्या स्वतःच्या मुळाशी तर हेच आहे. गिचिन फुनाकोशी, ज्यांनी १९२२ साली ओकिनावा बेटावरची ही विद्या टोकियोत नेऊन दाखवली, ते पेशानं शाळामास्तर होते. त्यांच्या सूत्रांत एक सूत्र आहे, कराटेत पहिला वार नसतो. त्यांचे गुरू अंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळेतल्या मुलांसाठी पाच काता बसवल्या. फुनाकोशींनी पुढे त्यांना ‘हेइआन’ म्हटलं. या नावाचा अर्थ शांती. तुमच्या मुलाचा क्लास शोतोकान शैलीचा असेल, तर यातली पहिली, हेइआन शोदान, त्याला झोपेतही येत असेल. एकवीस हालचाली आहेत. एखाद्या संध्याकाळी टीपॉय बाजूला सरकवा आणि त्याला म्हणा, मला करून दाखव. पहिली हालचाल संपली की थांबवा आणि विचारा, हे तू काय केलंस? तो सांगेल, ‘गेदान बराई.’ म्हणजे डावीकडे वळून कमरेखाली येणारा वार हातानं झाडून टाकणं. मग विचारा, दुसरी हेइआन कशानं सुरू होते? तिसरी? पाचही अडवण्यानंच सुरू होतात. एवढं त्याला स्वतःच्या तोंडानं मोजू द्या. पुढे काही बोलू नका. तेरा वर्षांच्या मुलाला आईचं प्रवचन ऐकू येत नाही, स्वतः सापडलेलं मात्र तो विसरत नाही.

आता मिस्टर. त्यांच्यावर रागावू नका असं मी म्हणणार नाही, पण त्या थापेमागे काय होतं ते बघा. पोरगं जिन्यावरून ढकललं गेलं तेव्हा बापाला काही करता आलं नव्हतं. शाळेत जाऊन बोलले असतील, शाळेनं ‘बघतो’ म्हटलं असेल. दोन वर्षं तो माणूस ते पोटात घेऊन ऑफिसला जात होता. परवाची थाप त्याची आहे. तरीही ती चुकलीच, आणि ती त्यांनीच मागे घ्यायला हवी. तुम्ही दहा वेळा समजावलंत त्यापेक्षा बापानं एकदा ‘मी शाब्बासकी दिली ते बरोबर नव्हतं’ म्हटलेलं मुलाला जास्त लागेल. स्वसंरक्षण म्हणाल, तर कायदाही तसं म्हणत नाही. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ पासून ४४ पर्यंत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, आणि त्यातच म्हटलंय की बचावाला जेवढी गरज तेवढंच, त्याहून जास्त नाही. कोणी अंगावर येत असेल तर. इथे अकरा वर्षांच्या मुलानं एक शब्द उच्चारला होता.

माझं आजोळ कराडकडे. १९५२ मध्ये हेलसिंकीहून ऑलिम्पिक पदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांचा तो मुलूख. आमच्या गावच्या तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला आधी कितीतरी दिवस हौदातली माती उकरायला लावायचे. आजोबा सांगायचे, गावात कोणावर हात उचलला असं कानावर आलं की त्या पोराला तालमीचं दार बंद. बाप येऊन हात जोडायचा, तरी वस्ताद बघायचे नाहीत त्याच्याकडे. ज्याच्या अंगात ताकद आहे त्यानं ती गावात दाखवायची नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, म्हणून पैलवान रस्त्यानं चालला तर लहान पोरं त्याच्या मागे पळायची, घाबरून लांब जायची नाहीत. मिस्टरांना हे सांगून बघा. त्यांच्याही गावात तालीम असेल.

राहता राहिला तुमचा मुलगा, आणि खरं तर सगळं त्याच्यापाशीच येतं. पाचवीत त्याला ज्यांनी ढकललं ते मुलगे आता चांगले उंचनिंच झाले असतील. लाथ बसली ती कोणाला? त्याच्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्याला. ज्याला मारता येईल त्याला त्यानं मारलं. हे त्याला टोचून सांगू नका, पण तुम्ही ओळखून असा. ‘जाड्या’ हा शब्द त्याच्या आत दोन वर्षं तसाच पडून होता. पट्ट्याचा रंग बदलत गेला, त्या शब्दाला कोणी हात लावला नाही. तो शब्द आता घरात उच्चारायला हवा. रात्री दिवे मालवल्यावर, त्याच्या शेजारी पडून, विचारा की तेव्हा नक्की काय काय व्हायचं. डबा कोण घ्यायचं, तू मग काय खायचास? मुलं अंधारात बोलतात. तो बोलायला लागला तर उपाय सुचवू नका, नुसतं ऐका. बोललाच नाही, किंवा झोप-जेवण बिघडलेलं दिसलं, घुम्यासारखा बसू लागला, तर शाळेच्या समुपदेशकांना भेटा. त्यात कमीपणा काही नाही.

आणि पुढच्या वेळी कोणी तसं म्हणालं तर काय करायचं, हे त्याच्या अंगात बसवायला हवं. नुसतं ‘शांत राहा’ म्हणून चालत नाही. या वयात राग पायात आधी पोचतो, डोक्यात नंतर. ‘थांब’ म्हणणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे त्याच्या पायालाच दुसरी सवय लावायची. एक पाऊल मागे. दोन्ही तळवे उघडे, छातीसमोर. मोठ्या आवाजात एकच शब्द, ‘पुरे.’ मग पाठ न दाखवता बाजूला होऊन चालू लागायचं. बाबांना समोर उभं करा, बाबांनी चिडवायचं, यानं हे करायचं. पहिले चार दिवस हसतील दोघंही. रोज दहा वेळा, महिनाभर. चिडवणं पहिल्यांदा खरं वाटेल तेव्हा त्याचा चेहरा लाल होईल, तिथे थांबू नका, तिथूनच खरा सराव सुरू होतो.

तीन दिवस बसून क्लास पटला नाही, तर दुसरा बघताना कराटेच हवं असा हट्ट धरू नका. तुमचा मुलगा अंगानं भरलेला आहे म्हणालात. ज्युदोत वजनी गट असतात. तिथे त्याचं वजन हा चिडवण्याचा विषय राहत नाही, ते त्याच्या कामी येतं. माझ्याकडे असे कितीतरी मुलगे आले, पहिल्या दिवशी टी-शर्ट ओढून ओढून पोट झाकणारे. गादीवर ज्या क्षणी त्यांना कळायचं की आपल्याला हलवणं कठीण आहे, त्या क्षणी तो हात टी-शर्टवरून सुटायचा. ऐरोलीहून ठाणं गाडीनं दहा-पंधरा मिनिटांवर, आठवड्यातून दोनदा जमण्यासारखं आहे. एक मात्र सांभाळा. ‘एमएमए’ (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) म्हणून लहान मुलांना डोक्यावर ठोसे मारायला लावणारे वर्ग सध्या जिकडेतिकडे निघालेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्येच मुलांना अशा डोक्यावरच्या माऱ्यापासून लांब ठेवा असं सांगितलंय. मीही तेच सांगेन.

कमिटीच्या बैठकीला तुम्ही स्वतः जा. क्लास हलवू नका, पण सरांना बोलवा आणि इमारतीच्या आवारात शिकलेलं वापरलं तर काय होईल ते सगळ्या पालकांसमोर त्यांच्याकडून लिहून घ्या, असं तुम्हीच सुचवा. ज्या मुलानं मारलं त्याची आई हे म्हणतेय म्हटल्यावर लोक ऐकतील. तिथल्या वीस-पंचवीस मुलांचा क्लास तुमच्या घरातल्या लाथेमुळे जाऊ नये.

मार्चची परीक्षा राहू द्या. शिक्षा म्हणून नव्हे, आणि त्याला तसं वाटू देऊ नका. त्याला सांगा, पट्टा सर देतात, पण या वेळी तो कधी बांधायचा ते तू ठरव. बी विंगमधल्या मुलाचा दात नीट बसला, तो खाली खेळायला यायला लागला, तुला बघून पळून गेला नाही, की मला सांग, मी फी भरते. परीक्षेची फी आधीच भरली असेल तर ती जाऊ द्या. आणि रविवारी त्यांच्याकडून निघताना दंतवैद्याची पुढची तारीख विचारून घ्या. त्या दिवशी त्या मुलाबरोबर दवाखान्यात तुमच्या मुलानं जायचं. बाहेर बाकावर बसायचं, आतून मशीनचा आवाज येतो तेवढा वेळ.